अकरास एक

त्या घराला वर जायला एकच जिना होता आणि तो गॅरेजमधून जात होता. वरच्या खोलीत राहणाऱ्याला दूध आणायला जायचं असो, केस कापायला जायचं असो, नाहीतर उगाच चार पावलं टाकून यायचं असो, लोखंडी जिना वाजायचाच. मग जिन्याच्या तोंडाशी स्टुलावर बसलेले सासरे मान वर न करता विचारायचे, "कुठे, जावईबापू?"

प्रश्नात वावगं काही नव्हतं. पण प्रत्येक खेपेला त्याचं उत्तर देताना जावयाला शाळेत करंगळी वर करून उभं राहिल्यासारखं वाटायचं.

लग्नानंतर तो तिथे आला तो शर्यतींच्या एका हंगामापुरता. सासऱ्यांचे हात थरथरायला लागले होते. उभ्या जन्मात शर्यतीच्या गाड्यांची इंजिनं बांधलेला माणूस, पण आता त्यांच्या बोटांतून नट निसटायचे. मेहुण्याला गाडी पळवता येत होती, उघडता येत नव्हती. "एवढा हंगाम निघू दे," सासरे म्हणाले. हंगाम निघाला, पुढचाही निघाला. घरजावई हा शब्द कोणी तोंडावर काढला नाही. फक्त समोरचा ग्रिलवाला जावयाला पाहिलं की वेल्डिंगचा काळा चष्मा कपाळावर सरकवून हसायचा, आणि त्या हसण्यात तो शब्द आरामात मावायचा.

अशात बायकोला दुसऱ्या गावच्या शाळेत नोकरी लागली. एक तारखेला हजर व्हायचं होतं. शाळेमागे राहायला दोन खोल्या होत्या. ती बघून आली तेव्हा खोल्यांची लांबीरुंदी तिने सांगितलीच नाही. म्हणाली, "अहो, दार थेट रस्त्यावर उघडतं."

"मग घेऊ या," तो म्हणाला.

"घेऊ या काय? बाबांना कोण सांगणार?"

"तू सांग ना. तुझे वडील आहेत."

"मी सांगितलं तर ते रडतील. ते रडले की मी राहीन. मग तुम्ही माझ्याकडे बघत बसाल, त्या रडक्या तोंडाने. तुम्हीच सांगा."

त्याने सांगितलं. म्हणजे, हात पुसत पुसत, भलत्याच विषयाच्या शेपटाला बांधून कसंबसं पुढे ढकललं. सासऱ्यांनी ऐकून घेतलं. रडले वगैरे नाहीत.

"जा की," ते म्हणाले. "कोणी बांधून ठेवलंय? फक्त तेवढं इंजिन उभं करून द्या. पोरगा डोंगराच्या शर्यतीत उतरायचा म्हणतोय. तुमच्याशिवाय कोण बांधणार? ते झालं की खुशाल जा."

ते इंजिन स्टँडवर उलटं टांगलेलं होतं, पिस्टनविना, पोटातलं सगळं काढून घेतल्यासारखं. आणि ते उभं राहत नव्हतं, कारण पिस्टन कुठले घालायचे ते ठरत नव्हतं.

हा प्रश्न समजायला सोपा आहे, सोडवायला नाही. पिस्टन तळाला असताना त्याच्या वर जेवढी जागा असते, ती तो वर आल्यावर कितीपट आकसते, तो झाला इंजिनाचा दाब. जितकी पट जास्त, तितका तडाखा मोठा. पण पट फार वाढली की पेट्रोल स्पार्कची वाट न बघता आपलं आपण पेट घेतं आणि पिस्टनवर हातोडे पडायला लागतात. गॅरेजच्या भिंतीवर खिळ्याला एक जुना पिस्टन टांगलेला होता. त्याच्या टाळूला वितळून भोक पडलं होतं. सासरे बोलता बोलता त्याच्याकडे नुसतं बोट करायचे.

"साडेबारा," मेहुणा म्हणायचा.

"साडेबारा ही जेवायची वेळ झाली. इंजिनाचं बोल."

"बाबा, याला टर्बो नाही, काही नाही. वरून फुंकर घालणारं कोणी नाही. स्वतःच्या श्वासावर चालणारं इंजिन. छातीत मावेल तेवढीच हवा घेणार. ती हवा नीट पिळली नाही तर ताकद काय आभाळातून पडणार?"

"पीळ. त्याच्यासारखं भोक पडेपर्यंत पीळ." बोट खिळ्याकडे. "पंपावरचं पेट्रोल पितं ते, अत्तर नाही."

"शर्यतीचं पेट्रोल मिळतं."

"शर्यतीपुरतं मिळतं. मग घरी कशावर येशील? बहिणीला ढकलायला बोलावशील?"

शेवटी दोघे जावयाकडे वळायचे. "तुमचं काय मत, जावईबापू?" "दाजी, तुम्ही सांगा." आणि जावई चिंधीने बोटं पुसत म्हणायचा, "तसं दोघांचंही बरोबरच आहे."

खोटं नव्हतं ते. दोघांचंही थोडं थोडं बरोबरच होतं. पण अशा खऱ्यावर कुठलंही इंजिन उभं राहत नाही.

मधे एकदा जमत आलं होतं. सुरुवातीला सासऱ्यांचा आकडा साडेदहा होता. मेहुणा कुरकुरत, पाय आपटत, अकरावर आला. अर्ध्याचा तर प्रश्न, आता मिटेल, असं वाटून जावयाने त्या संध्याकाळी बायकोला ट्रंक पुसायला सांगितली. दुसऱ्या दिवशी सासरे स्टुलावर बसले आणि म्हणाले, "मी विचार केला. दहाच बरं." मेहुणा भडकला आणि पुन्हा साडेबारावर जाऊन बसला. सासरे मग साडेनवावर उतरले. म्हाताऱ्या माणसाने भोक पडलेला पिस्टन पाहिलाय, भ्यायचाच, असं जावयाने मनाशी म्हटलं आणि तो विचार तिथेच सोडला. बायकोने ट्रंक पुसून पुन्हा पलंगाखाली सरकवली.

एक तारीख जवळ यायला लागली तशी अडकित्त्यातल्या सुपारीसारखी त्याची गत झाली. सासऱ्यांना दुखवायचं नाही, मेहुण्याला दुखवायचं नाही, बायकोला तर नाहीच नाही. आणि मग त्याला एक युक्ती सुचली. अशी युक्ती त्यालाच सुचू शकत होती.

त्याने पिस्टन मागवले ते साडेबाराचे, वरून फुगीर टाळूचे. मेहुण्याच्या हातात एक दिला. मेहुण्याने तो नवजात मूल धरावं तसा धरला. "दाजी, तुम्ही माणूस नाही, देव आहात!" मग जावई गॅस्केट कापणाऱ्याकडे गेला. इंजिनाचा खालचा ठोकळा आणि वरचं हेड यांच्या मधे जो पातळ पत्रा बसतो तो त्याने तांब्याचा, दुप्पट जाडीचा करून घेतला. पत्रा जाड म्हणजे हेड तेवढं वर उचललं जाणार, जागा वाढणार, दाब उतरणार. सासऱ्यांना म्हणाला, "मामा, दाब पुष्कळ खाली आणलाय. काळजी करू नका." सासरे म्हणाले, "शहाणे आहात."

दोघांनाही त्याने खरं तेच सांगितलं होतं. फक्त प्रत्येकाला अर्धं.

मोजमाप मात्र त्याने मन लावून केलं. ते त्याचं आवडतं काम होतं, कारण त्यात कोणी मत विचारत नसे. हेड उलटं ठेवायचं, त्याच्या खोलगट भागावर भोकाची पारदर्शक पट्टी ग्रीसने चिकटवायची आणि काचेच्या नळीतून थेंब थेंब रॉकेल सोडत राहायचं. शेवटचा बुडबुडा भोकातून निघून गेला की नळीवरचा आकडा वाचायचा. चारही खोलगट भाग त्याने असे भरले, मोजले, पुसले. गणित मांडलं. उत्तर आलं अकरा. अकरास एक. साडेनऊ आणि साडेबारा यांच्या बरोबर मधे, तागडीत तोलल्यासारखं. त्याला इतकं बरं वाटलं की तो एकटाच हसला.

आता एक गोष्ट सांगायला हवी. जाड गॅस्केटची ही वाट वाईट आहे हे त्याला ठाऊक नव्हतं, असं नाही. पिस्टनची कड वर आली की हेडच्या सपाट कडेला जवळजवळ चिकटते. मधे नखाच्या जाडीएवढी फट राहते. त्या चिमट्यामुळे कडेचं पेट्रोल मधे ढकललं जातं आणि स्पार्कच्या आगीत एकदम जळतं. फट दुप्पट केली की चिमटा गेला. मग पेट्रोल कडेला दडून बसतं आणि नको तेव्हा आपलं आपण पेटतं. म्हणजे दाब कमी करूनही ठोके येतातच, कधीकधी जास्त येतात. अकरा हा आकडा वाईट नव्हता. अकराचेच पिस्टन मागवले असते तर सगळं सरळ होतं. पण अकराचे पिस्टन मागवायचे म्हणजे एका माणसाला "साडेनऊ नाही" म्हणायचं आणि दुसऱ्याला "साडेबारा नाही" म्हणायचं. त्यापेक्षा तांब्याचा पत्रा सोपा वाटला. चालून जाईल, त्याने मनाला सांगितलं. मन त्याच्यासारखंच होतं. हो म्हणालं.

इंजिन बसलं. पहिल्याच झटक्याला सुरू झालं. ग्रिलवाला दारात येऊन ऐकत उभा राहिला, बायकोने वरच्या खिडकीतून डोकावलं. तिच्या हातात चादरीची घडी होती. सासरे म्हणाले, "चढावर नेऊन बघू. मी पण येतो."

गाडी दोन दारांची. पुढची सीट वाकवल्याशिवाय मागे जाता येत नाही आणि पुढचा माणूस उतरल्याशिवाय मागच्याला बाहेर येता येत नाही. मेहुणा स्टिअरिंगवर बसला, सासरे शेजारी, आणि जावई अर्थातच मागे, गुडघे हनुवटीशी घेऊन. सासऱ्यांच्या सीटचा खटका अडकायचा. तो कसा दाबायचा हे त्यांनाच माहीत होतं.

गावाबाहेरच्या सपाट रस्त्यावर इंजिन लोण्यासारखं चाललं. मेहुणा गाणं गुणगुणायला लागला. मग चढ आला. त्याने एक गियर खाली घेतला आणि पाय दाबला.

जावयाने तो आवाज दोघांच्या आधी ऐकला. पत्र्याच्या डब्यात कोणी चार खडे टाकून हलवतंय, असा. त्याने डोळे मिटले. वळण संपलं, चढ वाढला, खडे वाढले.

"हे काय वाजतंय?" सासरे.

"काही नाही, वाऱ्याने—" मेहुणा.

"वारा काय? पाय काढ! पाय काढ आधी, मेल्या!"

गाडी रस्त्याच्या कडेला थांबली. बॉनेटखाली गरम लोखंड टिक टिक करत राहिलं. दोघांनी मागे वळून पाहिलं.

"दाजी, हे साडेबारामुळे?"

"साडेबारा?" सासऱ्यांची मान आणखी वळली. "कसले साडेबारा?"

"पिस्टन साडेबाराचे आहेत ना!"

"मला म्हणाले दाब उतरवलाय!"

"उतरवलाय," जावई मागून म्हणाला. त्याचा आवाज गुडघ्यांमधून आल्यासारखा आला. "पिस्टन साडेबाराचे. गॅस्केट जाड घातलं. अकरा झालेत."

ताकाला जाऊन भांडं लपवणाऱ्याचं भांडं शेवटी असं भर रस्त्यात पडलं. मेहुण्याने आरशात पाहिलं, आणि त्या नजरेत त्या दिवशीचा देव कुठे दिसत नव्हता.

सासरे रागावतील, असं जावयाला वाटलं होतं. ते रागावले नाहीत. त्यांनी जरा वेळ समोरच्या काचेतून चढाकडे बघितलं आणि अगदी मऊ आवाजात म्हणाले, "बरं. त्यात काय एवढं? स्पार्कचं टायमिंग जरा मागे घ्या. आवाज जाईल. परत आलाच तर बोलावून घेऊ तुम्हाला."

आवाज गेला असता. जावयाच्या खिशात पाना होता. उतरायचं, एक नट ढिला करायचा, स्पार्क वाटणारी डबी बोटभर फिरवायची, की संपलं. इंजिन थोडं सुस्त झालं असतं, पण सासरे ते झालं म्हणाले असते आणि उद्या ट्रंक जिन्यावरून खाली आली असती. मग शर्यतीच्या दिवशी, गरम हवेत, मेहुण्याने पाय शेवटपर्यंत दाबला असता तेव्हा खडे परत आले असते. तेव्हा जावई दुसऱ्या गावात, थेट रस्त्यावर उघडणाऱ्या दारात उभा असता.

"चालेल ना, दाजी?" मेहुण्याने विचारलं. आता तो वीस वर्षं लहान असल्यासारखा बोलत होता. "फुटणार नाही ना?"

तसं दोघांचंही बरोबरच आहे, हे वाक्य जावयाच्या ओठांपर्यंत नेहमीसारखं आलं. पण या खेपेला ते म्हणायला जागाच नव्हती. "फुटेल," तो म्हणाला. "आज नाही. पण फुटेल. हेड उघडावं लागणार. हे पिस्टन काढायचे, मूळ पातळ गॅस्केट घालायचं आणि अकराचेच पिस्टन मागवायचे. अकराला हे इंजिन पंपावरच्या पेट्रोलवर चालेल. मी चुकीच्या वाटेने गेलो."

"अकरा," मेहुणा म्हणाला. "मी तर कधीच अकराला तयार होतो! आठवतंय? तेव्हा बाबाच—"

तो थांबला. त्या सकाळचं स्टूल जावयाच्या डोळ्यांपुढे आलं. मी विचार केला, दहाच बरं. आणि मेहुणा दहाला तयार झाला असता तर? तर नऊ. साडेआठ. सासऱ्यांना भोक पडलेल्या पिस्टनची भीती नव्हती. त्यांना इंजिन झालेलं नको होतं.

"मामा," तो म्हणाला, "तुम्हाला कुठलाच आकडा नकोय."

सासरे समोरच बघत राहिले. त्यांचा उजवा हात मांडीवर थरथरत होता, डाव्या हाताने त्यांनी तो झाकला.

"मग आता काय, थांबायलाच हवं तुम्हाला," ते म्हणाले. "पिस्टन येणार, मोजायचे, बसवायचे. महिना तर जाईल." त्या आवाजातला आनंद त्यांना लपवता आला नाही. जावयाला राग यायला हवा होता. त्याला एकदम त्यांची कीव आली, आणि कीव आली की आपण राहतो हे त्याला चांगलं माहीत होतं. त्या मागच्या सीटवर त्याला श्वास पुरेना.

"मामा, जरा उतरता? मला बाहेर यायचंय."

सासरे हलले नाहीत.

"मामा."

"घरी गेल्यावर उतरा की. आता इथे काय आहे?"

"मला इथे उतरायचंय."

मेहुणा हळूच म्हणाला, "बाबा, उतरा ना." एक ट्रक वर चढत गेला, गाडी त्याच्या वाऱ्याने हलली. बऱ्याच वेळाने सासऱ्यांनी दार उघडलं, गुडघ्यावर हात देऊन उतरले आणि वाकून खटका शोधला. पहिल्यांदा बोट निसटलं, दुसऱ्यांदाही. तिसऱ्यांदा सीट पुढे पडली. जावई बाहेर आला.

"बसा पुढे," सासरे म्हणाले. "मी मागे बसतो."

"मी चालत येतो."

"एवढ्या लांब?"

"उतारच आहे."

गाडी हळूहळू वळली आणि खाली गेली. उताराला इंजिनावर भार नव्हता, खडे वाजले नाहीत. जावई रस्त्याच्या कडेने चालत राहिला. बायकोला काय सांगायचं ते तो घोळवत होता, आणि दर वळणावर त्याच्या लक्षात येत होतं की आपण अजूनही दोन्ही बाजूंना रुचेल असं वाक्य शोधतोय. एक तारखेला तू पुढे हो, मी पिस्टन बसवून येतो. रविवारी येत जाईन. नाहीतर तू रविवारी ये. सगळी वाक्यं जाड गॅस्केटसारखीच.

बायको नळावर उभी होती. तिने त्याच्या धुळीने भरलेल्या चपलांकडे पाहिलं.

"झालं?"

"नाही झालं. चुकलं माझं. उघडावं लागेल."

तिने नळ बंद केला. काही विचारलं नाही. ते न विचारणं त्याला नीट ओळखीचं होतं. ट्रंक पुन्हा पलंगाखाली जाणार, असा त्याचा अर्थ होता.

"आपण एक तारखेला निघतोय," तो म्हणाला. "दोघंही."

"बाबांना सांगितलंत?"

"आता सांगतो."

गॅरेजमध्ये मेहुणा बॉनेट उघडून वाकला होता. सासरे स्टुलावर, जिन्याच्या तोंडाशी. "कुठे" विचारलं नाही त्यांनी, पण पायही बाजूला घेतले नाहीत.

"अकराचे पिस्टन आज मागवतो," जावई म्हणाला. "हेड उद्या उतरवून, मोजून, आकडे पक्के करून ठेवतो. बसवायला मी नसेन. एक तारखेला आम्ही दोघं जातोय. तो बसवील."

"तो?" सासरे हसले. "त्याला पाना कुठल्या बाजूने धरायचा ते कळतं का?"

"शिकेन," मेहुणा बॉनेटखालून म्हणाला. "तुम्ही स्टुलावरून ओरडा. नाहीतरी ओरडताच."

सासऱ्यांनी भिंतीवरच्या पिस्टनकडे पाहिलं. मग जावयाकडे. त्यांचे डोळे भरले होते. बायको म्हणाली होती तसंच. ते जरा घसा साफ करून, दुकानात भाव करावा तशा आवाजात म्हणाले, "अकरा जास्त आहेत, जावईबापू."

साडेदहा त्याच्या जिभेवर आलं. अगदी टोकावर आलं. साडेदहा म्हटलं असतं तर सासरे दहा म्हणाले असते, आणि त्या दोन आकड्यांच्या मधे एक खोली होती, पलंग होता, वाजणारा लोखंडी जिना होता.

त्याने ते गिळलं. सासऱ्यांचे पाय ओलांडून तो जिना चढायला लागला. ट्रंक आजच खाली आणायची होती, पण ती जड होती, एकट्याला उतरवणं जमणार नव्हतं. वरून त्याने मेहुण्याला हाक मारली.